उजवीकडची चौकट

बुधवारी दुपारी सराईच्या पायरीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या संपादक सारुवातारीने पहिले काम कोणते केले असेल, तर उशिओदाचे बूट ताब्यात घेतले. दाराशी चपलाजोड्यांचे लाकडी कपाट होते, पण त्यात न ठेवता त्याने ते कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळले, स्वतःच्या चामडी बॅगेत कोंबले आणि बॅगेचा पट्टा आवळला.

"अरे, मी काय पळून जाणार आहे का?" उशिओदा म्हणाला.

"मागच्या मे महिन्यात हेच म्हणाला होतात, सेन्सेई. दोन तासांनी सिनेमाच्या थिएटरात सापडलात. तिसऱ्या रांगेत, शेंगदाणे खाताना."

"सिनेमा भिकार होता रे. परतच यायला निघालो होतो."

"चला वर."

तोक्योतल्या मासिकांच्या संपादकांची ही जुनी रीत आहे. चित्रकथा काढणाऱ्याचे काम रखडले की त्याला उचलून कागुराझाकाच्या गल्ल्यांतल्या एखाद्या सराईत आणून बसवायचे, तीन वेळा जेवू घालायचे, आणि पाने हातात पडेपर्यंत बाहेर सोडायचे नाही. याला डबाबंद करणे म्हणतात. उशिओदा तामोत्सु अडतीस वर्षांचा होता, त्यातली सोळा वर्षे तो मुलांच्या मासिकांत चित्रकथा काढत होता, आणि पाने उशिरा देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळे असे डबाबंद होणे त्याला नवे नव्हते. सारुवातारीच्या हाताखाली ही त्याची सातवी खेप. एरवी तो कुरकुर करी, जेवण चांगले मिळाले की विसरे, आणि चौथ्या दिवशी दाढी वाढलेल्या अवस्थेत घरी जाई. या खेपेला मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता, कारण शनिवारी सकाळी दहा वाजता त्याच्या मुलीच्या डोळ्यांवरची पट्टी निघायची होती.

मिओ सात वर्षांची होती. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन होऊन तिला नऊ दिवस झाले होते आणि बारा दिवस पट्टी राहणार होती. मंगळवारी तो हॉस्पिटलात गेला तेव्हा तिने हाताने चाचपून त्याचे नाक शोधले, कान शोधले, आणि म्हणाली, "बाबा, पट्टी काढतील ना, तेव्हा सगळ्यांत आधी तुम्हीच दिसायला पाहिजे. डॉक्टर नको. आईपण नको. आई रोज असते. तुमचा चेहरा मी थोडा थोडा विसरलेय." ती हे रडत म्हणाली नव्हती, पेन्सिल विसरले, इतक्या सहज म्हणाली होती, आणि त्यामुळेच ते त्याच्या काळजाला लागले. त्याने करंगळीत करंगळी अडकवून शब्द दिला. किनुए, त्याची बायको, पलंगाच्या पलीकडून त्याच्याकडे बघत होती. अशा शब्दांचे पुढे काय होते ते तिला लग्नापासून माहीत होते.

सारुवातारी माणूस वाईट नव्हता. "शनिवारी सकाळी आठला शेवटचं पान माझ्या हातात द्या," त्याने जिन्यावर सांगितले, "मी स्वतः टॅक्सीत घालून तुम्हाला हॉस्पिटलच्या दारात सोडतो. बूटसुद्धा मीच घालून देईन पायात. पण पान नाही, तर बूट नाहीत."

"आणि पाच मिनिटं उशीर झाला तर?"

"तर मीपण नोकरीवरून जातो आणि आपण दोघं अनवाणी जाऊ."

पाने ज्या गोष्टीची होती, ती गोष्ट मुळात उशिओदाची नव्हती. मिस्टर अक्रॉस हा अमेरिकेतल्या एका चित्रमालिकेचा नायक, राखाडी मुखवटा आणि आखूड झगा घालणारा, आणि त्याची करामत एवढीच की तो भिंतीतून आरपार जाऊ शके. दोन वर्षांपूर्वी मासिकाने त्याचे हक्क घेतले, आणि न्यूयॉर्कहून एका जाड पाकिटात मूळ अंकांच्या छायाप्रती आल्या, सुट्या पानांच्या, मुखपृष्ठे नसलेल्या. भाषांतर करून घ्यायला वेळ नव्हता. उशिओदाला इंग्रजीचा गंध नव्हता, पण चित्रे वाचायला भाषा कशाला लागते, असे म्हणून त्याने दोन दिवस ती पाने नुसती पाहिली, आणि त्याला गोष्ट समजली. एका माणसाला दर वेळी कुठेतरी कोंडले जाते, तिजोरीत, तुरुंगात, बुडालेल्या जहाजाच्या तळात, आणि दर वेळी तो भिंतीतून निसटतो. त्याने या नायकाला तोक्योच्या टपाल कचेरीतला कारकून केले, त्याला एक खडूस साहेब दिला, आणि जपानभरची पोरे वेडी झाली. दर महिन्याला ती अक्रॉसला कोंडलेला पाहत आणि दर महिन्याला तो सुटला की सुटकेचा निःश्वास टाकत. शाळेतून, शिकवणीतून ज्यांना कधी सुटका नव्हती, अशी ती पोरे.

करारात एकच विचित्र कलम होते. मालिका संपवताना शेवटचे पान मूळ शेवटच्या पानासारखेच, चौकटीला चौकट, काढले पाहिजे; त्या पानाची छायाप्रत करारालाच जोडलेली होती. बाकी काय वाटेल ते करा. आता मालिका संपत होती.

सराईच्या वरच्या मजल्यावरची, सहा चटया मावतील एवढीच ती खोली त्याला या आधी कधी मिळाली नव्हती. एक बुटके टेबल, एक उशी, गल्लीकडे उघडणारी खिडकी आणि तिला बाहेरून बांबूचे उभे गज. टेबलासमोर मातीचा गिलावा केलेली भिंत होती आणि तिच्यावर ओलीचा एक फिकट डाग, खालपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीचा. खोलीबाहेर जिन्याच्या तोंडाशी टेलिफोन होता आणि टेलिफोनशेजारी सारुवातारीने आपले अंथरूण पसरले. मालकीणबाई ओतोयो यांनी चहाची किटली आणि भाजलेला मासा आणून ठेवला, "यांना कोंडलंय की तुम्हाला?" असे सारुवातारीला विचारले, आणि त्या खाली गेल्या. उशिओदाने बाह्या सरसावल्या. एकतीस पानांपैकी अठरा पानांवर माणसांची तोंडे उमटायची बाकी होती. तो मान मोडून कामाला लागला.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास तेराउचीसान आले. हे निवृत्त कॉलेज शिक्षक होते. मालिकेचे पुस्तक निघणार म्हणून न्यूयॉर्कहून पत्र आले होते आणि मासिकाने दोन वर्षांत पहिल्यांदाच हात सैल सोडून भाषांतरकार बोलावला होता. पत्रात तक्रार अशी काहीच नव्हती. उलट अमेरिकन मंडळी बेहद्द खूश होती. जपानी अंक आम्ही नियमित पाहतो, मूळ कथेचा गाभा तुम्ही अचूक पकडला आहे, असे त्यांनी लिहिले होते. फक्त शेवटच्या पानाच्या कलमाची आठवण दिली होती.

तेराउचींनी चष्मा पुसला आणि टेबलावर पडलेली मूळ शेवटच्या पानाची छायाप्रत उचलली. पानावर एकच ओळ होती, तीन उंच चौकटींची, शब्द एकही नाही.

"ही तुम्ही कशी वाचलीत, सेन्सेई?"

"कशी म्हणजे? डोळ्यांनी." उशिओदाने बोट ठेवले. उजवीकडच्या चौकटीत एक माणूस खोलीत पाठमोरा बसला आहे. मधल्या चौकटीत कुणीतरी अर्धे भिंतीत आहे. एक खांदा, एक हात, एक पाय एवढेच दिसते. डावीकडच्या चौकटीत खोली रिकामी. "बसलाय. निघाला. सुटला. संपली गोष्ट."

म्हाताऱ्याने पान पुन्हा डोळ्यांसमोर धरले. मग त्याने पाकिटातली बाकीची पाने मागितली, ती एकेक करून पाहिली, आणि एकाएकी तो हसू लागला, इतका की सारुवातारी दारातून डोकावला.

"माफ करा. पण अहो, आपण उजवीकडून डावीकडे वाचतो, अमेरिकन लोक डावीकडून उजवीकडे वाचतात."

"ते अक्षरं हो. चित्रंसुद्धा?"

"चित्रंसुद्धा. पानंसुद्धा. तुम्ही दोन वर्षं सगळं उलटं वाचलंत."

"आम्ही सरळच वाचतो," सारुवातारी दारातून म्हणाला, "उलटं ते वाचतात."

पण त्याचाही चेहरा पडला होता. तेराउचींनी मूळ गोष्ट थोडक्यात सांगितली. अमेरिकेतला अक्रॉस कुठूनच सुटत नसे. त्याला कुणी कोंडतच नसे. लोक बंद खोलीत असत आणि तो भिंतीतून आत येई. सुरुवातीच्या अंकांत चोर पकडायला, अडकलेल्यांना सोडवायला येई. पुढे पुढे का येतो ते नीट लिहिलेलेच नव्हते.

"मग त्यांना आमची गोष्ट पसंत कशी पडली?" सारुवातारीने विचारले.

"तुमचे अंक ते डावीकडून पाहत असणार," तेराउची म्हणाले. "तुमच्याकडे जो बाहेर जायचा, तो त्यांना आत येताना दिसायचा. दोघंही खूश."

हे ऐकून तिघेही पोट धरून हसले. दोन देश, दोन वर्षे, आणि एकमेकांच्या चुकीवर दोघांचाही संसार सुखाने चालला होता. हसणे ओसरल्यावर उशिओदाने छायाप्रत पुन्हा समोर ओढली आणि या खेपेला डावीकडून पाहिली. रिकामी खोली. भिंतीत अर्धे कुणीतरी. मग बसलेला पाठमोरा माणूस.

"म्हणजे शेवटी अक्रॉस आत येऊन बसतो."

"अक्रॉस कशावरून?" तेराउची म्हणाले. "मुखवटा नाही, झगा नाही. आणि पहिली खोलीही अगदी रिकामी नाही. हा टेबलावरचा पेला बघा. वाफ निघतेय. आत्ता इथं कुणीतरी होतं."

"मग ते कुठे गेलं?"

"ते गोष्टीत नाही."

"आणि हा बसलाय तो कोण?"

"तेही नाही." त्यांनी चष्मा डब्यात ठेवला. "गंमत आहे. अमेरिकन माणसानं काढलंय आणि खुर्ची नाही. जमिनीवर बसलाय." जाताना त्यांनी सल्ला दिला की जपानी वाचकाला मूळ अर्थ कळायला हवा असेल तर चौकटींची अदलाबदल करावी, रिकामी खोली उजवीकडे घ्यावी आणि बसलेला माणूस डावीकडे.

ते गेल्यावर उशिओदा पानाकडे बघत राहिला. पोरे दोन वर्षे त्या माणसाच्या सुटकेवर डोळे लावून होती. त्यांना शेवटच्या पानावर कुणीतरी कायमचे खोलीत बसलेले दाखवायचे? त्याचे मन होईना. आणि खरे सांगायचे तर त्या घडीला त्याला स्वतःलाच कुणीतरी सुटलेले पाहायचे होते. चौकटीला चौकट, असे करारात म्हटले आहे ना? मग तशीच राहू दे. आपली पोरे आपल्या बाजूने वाचतील.

शुक्रवारी दुपारपर्यंत तीस पाने पुरी झाली. सारुवातारीच्या जिवात जीव आला आणि त्याने जेवणात वाफवलेली बाम मासळी मागवली. उशिओदाने शेवटच्या पानाचा कोरा कागद घेतला, छायाप्रत खिळ्याला अडकवली आणि उजवीकडच्या चौकटीपासून सुरुवात केली, कारण हात नेहमी तिथूनच सुरू होई. खिडकीच्या रेषा मारताना त्याने गज मोजले. छायाप्रतीत सात गज होते आणि तिसऱ्याला मध्यावर एक फुगीर गाठ होती. छपाईतला डाग असावा असे त्याला दोन वर्षे वाटत आले होते. त्याने मान वर करून खोलीच्या खिडकीकडे पाहिले, अगदी सहज, गाठीची छाया कशी पडते ते बघायला. सात बांबू होते. तिसऱ्याला मध्यावर गाठ होती.

तो उठला, खिडकीपाशी गेला आणि गाठीवरून बोट फिरवले. मग त्याने भिंतीवरची ओल पाहिली आणि छायाप्रतीतल्या भिंतीवरची बारीक ठिपक्यांची छटा पाहिली. छटा खालपासून डोक्याएवढ्या उंचीपर्यंत गेली होती.

"सारुवातारी! मला दुसरी खोली दे."

सारुवातारीने चित्र पाहिले, खिडकी पाहिली आणि उशिओदाकडे पाहिले. "सेन्सेई, गजांची खिडकी जगात सगळीकडे असते."

"गाठ बघ."

"बांबूला गाठ नाही तर काय शिंगं असणार? तुम्ही झोपला नाहीत नीट."

"हे पान दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत छापलंय रे. खोली बदलून दे, मी एका दमात संपवतो. वाटलं तर कोठीत बसव."

ओतोयोबाईंना विचारले तर सगळ्या खोल्या भरलेल्या. एका लग्नाचे वऱ्हाड उतरले होते, कोठीतसुद्धा त्यांच्या पेट्या होत्या. सारुवातारीला हा सिनेमाच्या थिएटराचाच दुसरा अंक वाटला. त्याने समजुतीच्या सुरात सांगितले की एक पान उरले आहे, तीन चौकटी, त्यातली एक रिकामी, आणि मिओ उद्या वाट बघणार आहे. मिओचे नाव ऐकून उशिओदाने हट्ट सोडला. तो परत टेबलापाशी बसला. दरवाजा सरकून बंद झाला आणि बाहेर सारुवातारी जमिनीवर बूड टेकत असल्याचा आवाज आला.

पाठमोरा माणूस काढायला त्याला कुठलेच कष्ट पडले नाहीत. मानेचा बाक, खांद्यांचा उतार, सगळे हाताला पाठ असल्यासारखे उतरत गेले. एकच गोष्ट त्याने आजवर पाहिली नव्हती. त्या माणसाचा डावा कोपर शरीरापासून बाहेर आलेला होता. तो जेवत असेल असे उशिओदाने धरून चालले होते. पण डाव्या हाताने कोण जेवते? लहानपणी उशिओदाचा डावा हात शाळेत बांधून ठेवत असत. जेवायला, लिहायला त्याने उजवा हात शिकून घेतला, पण चित्र मात्र आजही डाव्याच हाताने निघे, आणि टाक धरला की त्याचा डावा कोपर असाच बाहेर येई. त्याची पाचावर धारण बसली. टाक खाली ठेवून तो बराच वेळ दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला आणि मग उठून अंथरुणात शिरला, दुपारचे चार वाजलेले असताना. बाहेरून सारुवातारी म्हणाला, "झोपा, झोपा. सकाळी लवकर उठवतो."

शनिवारी त्याला जाग आली ती आपोआप. साडेसहा वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन आले होते आणि चटईवर सात सावल्या पडल्या होत्या. कालची भीती उजेडात त्याला बालिश वाटली. दोन चौकटी, दीड तास, मग टॅक्सी. पट्टी उलगडेल, मिओ डोळे किलकिले करील आणि समोर आपले हे दाढी वाढलेले थोबाड असेल. एवढेच त्याने डोळ्यांसमोर ठेवले आणि कामाला बसला.

मधली चौकट लवकर झाली. खांदा, हात, पाय. तो माणूस भिंतीत शिरतो आहे की भिंतीतून निघतो आहे हे चित्रात कुठेच कळत नव्हते, आणि उशिओदाने ते कळू देण्याचा प्रयत्नही केला नाही. उरली रिकामी खोली. ती त्याने छायाप्रतीवरून न काढता समोरच्या खोलीवरूनच काढायला घेतली, कारण दोन्हींत काही फरक नव्हता आणि हा सोपा मार्ग होता. खिडकी काढली. भिंत काढली. टेबल काढले. टेबलाशी तो स्वतः बसला होता ती जागा त्याने कोरी सोडली. पेला काढला, पण त्यावर वाफ काढायची नाही असे त्याने मनाशी पक्के ठरवले होते. कोण पान ताडून बघणार आहे? पेला थंड राहू दे. या खोलीत आत्ता कुणी नव्हते, कधीच कुणी नव्हते.

टाक पुसताना त्याची नजर टेबलावरच्या पेल्याकडे गेली. त्यातून वाफ निघत होती. किटली रात्रीपासून कोपऱ्यात पालथी होती आणि ओतोयोबाई अजून वर आल्या नव्हत्या. त्याने पेल्याला हात लावून पाहिला नाही. समोर दिसेल ते काढायचे, ही सोळा वर्षांची सवय. विचार पुरा व्हायच्या आत हाताने कागदावर दोन नागमोडी रेषा ओढल्या होत्या.

पान पुरे झाले. आठ वाजून वीस मिनिटे झाली होती.

"सारुवातारी," त्याने हाक मारली.

उत्तर म्हणून बाहेरून घोरणे आले. तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा केलेला तो माणूस ऐन वेळी झोपला होता. उशिओदाला हसू आले. त्याने समोर पाहिले आणि त्याला दिसले की भिंतीवरची ओल गेली आहे. गिलावा कोरडा होता, फिकट, स्वच्छ, जणू तिथे कधी काही नव्हतेच. आणि त्याच वेळी पाठीमागे चटई करकरली.

कुणीतरी उभे राहत होते. आधी गुडघ्यांचा तो कट्ट आवाज, जो तासन् तास मांडी घालून बसल्यावर त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांतून येई. मग पावले, डावा पाय किंचित ओढणारी, जशी त्याची पडत. पावले दाराशी गेली. दरवाजा सरकला. जिना उतरण्याचे आवाज आले, आणि खाली ओतोयोबाईंचा स्वर: "अरे वा, सुटका झाली वाटतं!"

उशिओदाने ओरडायचे ठरवले. तो मी नाही, असे ओरडायचे होते. मग निदान वळून पाहायचे ठरवले. त्याचा डावा कोपर बाहेर आलेला होता, मान थोडी वाकलेली होती, खांदे उतरलेले होते, आणि यातले काहीही हलले नाही.

गल्लीतून भाजीवाल्याची गाडी गेली. वऱ्हाडातल्या बायका हसत जिना उतरल्या. चटईवरच्या सात सावल्या मात्र सकाळी पडल्या होत्या तिथेच राहिल्या. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आता दहा वाजले असतील. आता पट्टीचे पहिले वेटोळे निघत असेल. मिओ मान ताठ करून बसली असेल, इंजेक्शनच्या वेळी बसते तशी.

टेलिफोन वाजला तेव्हा सारुवातारी धडपडून उठला. आधी त्याने दरवाजा सरकवला. त्याचा श्वास रोखल्याचा आवाज उशिओदाने पाठीवर ऐकला. "सेन्सेई? गेले! मालकीणबाई, सेन्सेई गेले!"

"साडेआठलाच गेले की," ओतोयोबाई जिन्यावरून म्हणाल्या. "कंबरेत वाकून नमस्कारसुद्धा केला मला. सात खेपांत पहिल्यांदा."

"पण बूट तर माझ्या बॅगेत आहेत."

"अनवाणीच गेले. मी म्हटलं, आमच्या लाकडी चपला तरी घाला, तर नुसते हसले."

टेलिफोन वाजतच होता. सारुवातारीने तो उचलला.

"हो, वहिनी, बोला. पोहोचले ना? वेळेवर? वा, देव पावला." मग तो बराच वेळ ऐकत राहिला. "दिसतंय ना तिला पण? स्वच्छ दिसतंय? मग झालं तर. काय म्हणतेय?" त्याने पलीकडचे ऐकून घेतले. "पट्टी परत बांधा म्हणतेय? अहो, बारा दिवस अंधारात होती, उजेड टोचणारच पोरीला. होईल सवय. बापाला बिलगून बसू दे थोडा वेळ. हो, हो. त्यांना सांगा, काम पाहिलं म्हणून."

उशिओदाच्या छातीत काहीतरी फुटले, पण ते चेहऱ्यापर्यंत आले नाही. चौकटीतल्या त्या पाठमोऱ्या माणसाचा चेहरा कुणी काढलाच नव्हता.

सारुवातारी खोलीत आला. त्याने टेबलावरून पान उचलले, खिडकीपाशी उजेडात धरले, आणि ओतोयोबाई त्याच्या खांद्यावरून डोकावल्या. त्याचे बोट उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकत गेल्याचे कागदाच्या आवाजावरून कळत होते.

"हा इथे बसलाय. हा भिंतीतून निघाला. आणि ही खोली रिकामी."

"सुटला बिचारा," ओतोयोबाई म्हणाल्या.

"सुटला एकदाचा. पोरं खूश होतील." सारुवातारीने पान पाकिटात सरकवले, बाकीच्या तीस पानांवर, आणि पाकिटाच्या दोऱ्याला गाठ मारली. दरवाजा सरकून बंद झाला. दोघे बोलत बोलत जिना उतरले आणि सराईचे बाहेरचे दारही लागले.

उशिओदा टेबलाशी बसून होता. समोरच्या पेल्यातून वाफेच्या दोन नागमोडी रेषा निघाल्या होत्या. त्या वर जात नव्हत्या आणि विरतही नव्हत्या.